आणि मग आम्ही खाली उतरलो

मराठीत डोंगरभटकंतीवर उदंड लिहिलं जातं. कुठलाही दिवाळी अंक उघडा, एक तरी लेख निघतोच. त्यात पहाटेची एसटी असते, पायथ्याच्या गावातला गुळाचा चहा असतो, लोखंडी शिडी असते, शिडीच्या मध्यावर अडकून बसलेला एक सोबती असतो आणि माथ्यावरचा सूर्योदय असतो. सूर्योदयाला किमान दोन परिच्छेद लागतात. मग एकदम वाक्य येतं, ‘आणि मग आम्ही खाली उतरलो.’ लेख संपला. कुठल्या वाटेने उतरले, उतरताना कोण कोणाशी बोलत नव्हतं, कुणाचे किती फोड फुटले, शेवटची चिक्की कोणाच्या सॅकमध्ये सापडली, यातलं अवाक्षर नाही. माझं मत असं की लांबच्या ट्रेकचे पहिले दिवस सगळ्यांचे सारखेच जातात. माणूस कळायचा तो शेवटच्या दोन दिवसांत. म्हणून बाकीचे जिथे आवरतं घेतात तिथून मी सुरू करतो.

त्याआधी थोडा भूगोल, कारण तो आम्हा नगरकरांनाच ठाऊक नसतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी तोंडातून अजून ‘नगर’च येतं. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्यामुळे होतं असं, की नगर शहरातून पुणं एकशे वीस किलोमीटर आणि आपल्याच जिल्ह्यातलं भंडारदरा दीडशेच्या वर. साडी पुण्याची, डॉक्टर पुण्याचा, नोकरी पुण्याची. अकोले तालुका मात्र ‘फार लांब बुवा’. जिल्ह्याच्या एका टोकाला पाथर्डी-जामखेडची माणसं आभाळाकडे बघून मान मोडून घेतात आणि दुसऱ्या टोकाला घाटघरची माणसं पावसाळ्यात आभाळ दिसेल तर शपथ. दोघांचा जिल्हाधिकारी एकच. तो बिचारा एकाच दिवशी टंचाईच्या आणि अतिवृष्टीच्या फायलींवर सही करत असेल.

आमची वाट अशी होती: बारी गावातून कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडी. हे धरण इंग्रजांनी 1926 साली पुरं केलं. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ, त्याच्या माथ्यावर रतनगड, गडाच्या डोक्यावर आरपार भोक असलेलं नेढं. मग कात्राबाईची खिंड आणि खिंडीपलीकडे कुमशेत. यातल्या प्रत्येकावर चार पानं लिहिता येतील आणि लोकांनी ती लिहिलेलीही आहेत. कात्राबाईच्या खिंडीपर्यंत आम्हीही त्याच पानांत होतो. ‘वा’, ‘अहाहा’, ‘हे बघ, हे बघ’ असे उद्गार वेळच्या वेळी निघत होते. कुमशेतात उतरलो आणि ते बंद झाले.

मंडळी कोण होती ते सांगायला हवं. एक नेता. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं वेळापत्रक होतं आणि गळ्यात शिट्टी होती. एक बँकेतून निवृत्त झालेले काका. खिशात छोटी डायरी, तिच्यात खर्च आणि माणसं दोन्ही लिहून ठेवायचे. एक धाकटा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला, सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात आधी भुकेजणारा. आणि माझा भाचा. हा नॉर्वेत नोकरीला असतो. तिथे हिवाळ्यात पाठीवर बोजा आणि पायांत स्की घालून डोंगरातल्या एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत आठवडाभर हिंडतो. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, हे त्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. काकांनी ते डायरीत टिपून घेतलं. का, ते त्यांनाच माहीत.

सहावं होतं पातेलं. जाड बुडाचं, झाकणासकट, पाच माणसांचा भात होईल एवढं. ते सॅकमध्ये मावत नव्हतं म्हणून बाहेर बांधावं लागे आणि प्रत्येक पावलाला त्याचं झाकण खण् करून वाजे. पहिल्या सकाळी बारी गावात पातेल्यावरून भांडण झालं. ‘मी घेतो’, ‘नाही, मी घेतो’, ‘अरे तुझ्याकडे आधीच तांदूळ आहेत, दे इकडे’. शेजारच्या ओट्यावरची म्हातारी कौतुकाने बघत होती. कुमशेतात सकाळी सगळ्यांच्या सॅका पाठीवर चढल्या, पट्टे आवळून झाले, नेत्याने शिट्टी फुंकली आणि पातेलं अंगणात एकटंच उरलं. कोणीच बघत नव्हतं. काका समोरच्या आजोबा नावाच्या डोंगराकडे इतक्या एकाग्रतेने बघत होते की त्यांना भूगर्भशास्त्राची पदवी द्यावी. शेवटी धाकट्याने उचललं. तरुण पिढीबद्दल काहीही म्हणा.

कुमशेतातल्या त्या आधीच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. समोर आजोबाचा डोंगर उन्हं कलताना असा तांबडा झाला होता, की पहिल्या दिवशी असं दिसतं तर आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले असते. त्या दिवशी एकट्या भाच्याने एक फोटो काढला. त्यातही पुढे काकांचा मोजा वाळत घातलेला आहे. बाकी सगळे भाताभोवती बसून जेवणाविषयी बोलत होतो. समोरच्या नव्हे, घरच्या. काका म्हणाले, ‘मी गेल्या गेल्या पहिल्यांदा गरम वरणभात, वर साजूक तूप आणि लिंबाची फोड.’ यावर इतका वेळ कोणी बोललं नाही की चुलीतला जाळ ऐकू आला. मग धाकट्याने मिसळीचा विषय काढला, तर्रीचा रंग हाताने दाखवला. नेता म्हणाला, ‘हे बरोबर नाही. अशाने मनोबल खचतं.’ आणि पाचच मिनिटांनी स्वतःच पुरणपोळीवर दूध घ्यावं की कटाची आमटी, यावर एका बाजूने बोलू लागला.

हे आपलंच दुबळेपण असावं असं मला वाटत होतं. भाच्याने ते खोडलं. फ्रित्योफ नान्सेन हा नॉर्वेचा मोठा माणूस. 1888 साली त्याने पाच सोबत्यांना घेऊन स्कीवरून ग्रीनलंडचं बर्फाचं पठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडलं. त्याआधी ते कोणीच केलं नव्हतं. त्यांच्या शिध्यात स्निग्ध पदार्थ कमी पडले. पुढेपुढे त्या शूर माणसांना दुसरं काही सुचेनासं झालं, आणि ऑटो स्वेरड्रुप नावाच्या त्यातल्या कसलेल्या दर्यावर्द्याने नान्सेनला विचारलं, की बुटांना चोळायचं जवसाचं तेल प्यायलं तर काही बाधेल का? ही गोष्ट ऐकून मला फार हलकं वाटलं. उत्तर ध्रुवाकडचे महापुरुष बुटाच्या तेलापर्यंत पोचले. आम्ही तर अजून वरणभातावरच होतो. काकांनी मात्र आपली खोबरेल तेलाची बाटली उशाखाली घेतली.

त्या रात्री अंधारात सॅकांमधून कागदाचा आवाज येत होता. शिधा संपत आला की प्रत्येक सॅकमध्ये एक खाजगी खातं उघडतं. दिवसा सगळ्यांसमोर ‘आता फक्त पोहे आणि अर्धा किलो गूळ उरलाय’ असा हिशेब होतो, आणि रात्री नेत्याच्या बाजूने चिक्की मोडल्याचा आवाज येतो. चिक्की हळू मोडता येत नाही, हा तिचा मोठा दोष. काकांकडे खारका होत्या. धाकट्याकडे बिस्किटांचा अर्धा पुडा. माझ्याकडे काय होतं ते इथे सांगण्याचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी कुमशेतहून पेठेच्या वाडीकडे निघालो. वाटेत मुळा नदी लागते. इथे ती अजून पोरवयाची आहे. थंडीत कातळातल्या डोहांमधून डोहांत पाझरत असते. काका एका खडकावर बसले, बूट काढले, मोजे काढले. मोज्यांबद्दल लिहीत नाही. मग दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात सोडून त्यांनी डोळे मिटले. नेता धाकट्याला नदीची माहिती देत होता: ही इथून कोतूळकडे जाते, मग राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण, 26 टीएमसीचं, आणि तिथून नगर शहराला... इथे तो थांबला. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. नगरच्या आमच्या नळांना येतं ते मुळा धरणाचंच पाणी.

‘काका, पाय काढा.’

‘का?’

‘खाली आपली घरं आहेत.’

काकांनी पाय काढले नाहीत. डायरी काढली. 26 टीएमसीत दोन पाय म्हणजे किती, याचा त्यांनी अंदाज मांडला आणि प्रमाण नगण्य ठरवून पुन्हा डोळे मिटले. भाचा तोवर फोनला रेंज शोधत होता. रेंज मिळालीच तर मामीला चार दिवस पाणी उकळून प्यायला सांग, एवढा निरोप मी दिला.

शेवटच्या दिवसांत वाटेवरच्या माणसांना विचारायचे प्रश्नही बदलतात. सुरुवातीला आपण विचारतो, ‘बाबा, या गडाचा इतिहास काय?’ मग, ‘बाबा, किती वेळ लागंल?’ आणि अखेरीस एकच प्रश्न उरतो, ‘बाबा, चढ आहे का?’ गुरं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या बाबांना नेत्याने तो विचारला. बाबांनी आमच्याकडे एक एक करून पाहिलं. माणूस दयाळू होता. म्हणाला, ‘चढ न्हाई. नुसतं वर जायचंय.’

नुसतं वर गेलो, नुसतं खाली आलो आणि पेठेच्या वाडीत एका घरासमोर सॅका टाकल्या. घरातल्या आजींनी काही विचारायच्या आत पाणी दिलं आणि मग विचारलं, ‘जेवायचं का?’ नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी आणि कांदा. भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात पडत होत्या. नागलीची भाकरी दिसायला काळी आणि चवीला जरा उग्र. एरवी नगरमध्ये आमच्यातला कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. इथे अर्धा तास फक्त ‘अजून एक’ एवढंच ऐकू येत होतं.

भाचा नॉर्वेच्या झोपड्यांविषयी सांगू लागला. तिथे 1868 सालापासून एक पर्यटक संघ आहे, त्याच्या डोंगरात शेकडो झोपड्या आहेत. बऱ्याच झोपड्यांत कोणी राखणदार नसतो. सभासदांकडे एकसारखी किल्ली असते. आत फळीवर डबे, पीठ, सूप, कॉफी मांडलेली असते. हवं ते घ्यायचं, काय घेतलं ते कागदावर लिहायचं, पैसे भरायचे. जाताना झाडून काढायचं आणि पुढच्या माणसासाठी सरपण फोडून ठेवायचं. कोणी बघत नसतं. काका ऐकून अस्वस्थ झाले. तीस वर्षं कॅशच्या खिडकीमागे काढलेल्या माणसाला ही व्यवस्था पचणं कठीण. ‘आणि ऑडिट?’ असं त्यांनी दोनदा विचारलं.

एवढ्यात हात धुऊन झाले. नेत्याने आजींना विचारलं, ‘किती झाले?’ आजी म्हणाल्या, ‘भाकरी किती खाल्ल्या ते तुमीच सांगा, म्या काय मोजल्या न्हाई.’ भाच्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. म्हणजे नॉर्वे इथेच होता. हिशेबाचं काम अर्थातच काकांकडे गेलं. त्यांनी बोटं मोडली आणि सांगितलं, ‘अकरा.’

‘बरं,’ आजी म्हणाल्या.

आतून, चुलीपासून, सुनेचा आवाज आला, ‘चौदा.’

काकांना ऑडिट कुठे असतं ते कळलं. पैसे चौदाचे दिले.

संध्याकाळी पाचनईला पोचलो. पाचनई म्हणजे हरिश्चंद्रगडाचा नगर जिल्ह्याच्या बाजूचा पायथा. पुण्याकडची मंडळी खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येतात, धाडसी मंडळी कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने कडाच चढून येतात, आणि शहाणी मंडळी पाचनईहून येतात. ही सगळ्यात सोपी वाट. पण सोपी वाट ताज्या पायांना सोपी. सकाळी अंगणात सभा भरली. वेळापत्रकात गड होता, पायांत नव्हता. काका म्हणाले, ‘भाच्याने परवा काय सांगितलं आठवतंय? नॉर्वेत डोंगराचे नियम आहेत.’

हे खरं होतं. 1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत बरीच माणसं दगावली, तेव्हापासून तिथे पोराटोरांनाही डोंगरात वागण्याचे नऊ नियम पाठ असतात. ईस्टरला स्कीवर निघालेला प्रत्येक नॉर्वेकर बरोबर संत्री आणि एक ठरावीक वेफरचं चॉकलेट घेतो. त्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही हे नियम छापले गेले आहेत. त्यातला एक असा, की वेळीच माघारी फिरा, फिरण्यात लाज नाही. इतर आठ नियम काकांना आठवत नव्हते. हा एक मात्र त्यांनी कोर्टात कलम वाचावं तसा वाचला.

‘तो नियम बर्फाच्या वादळासाठी आहे,’ नेता म्हणाला.

‘माझ्या गुडघ्यात वादळच आहे.’

मतदान घ्यायचं ठरलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई निघाल्या. पायांत साध्या चपला, डोक्यावर पाटी. पाटीत लिंबं, साखर, पोह्यांची पाकिटं, दोन डझन अंडी आणि एक स्टीलचा डबा. शनिवार होता, गडावर मुंबई-पुण्याची गर्दी येणार, त्यांच्यासाठी सरबताचं आणि पिठलं-भाकरीचं दुकान त्यांना वर मांडायचं होतं. त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘चला की. मी निघालेच हाये.’

मतदान रद्द झालं. पाटीत अंडी घेऊन चपला घातलेली बाई समोरून चढायला लागल्यावर कलमं वाचता येत नाहीत. जाताजाता त्यांची नजर धाकट्याच्या पाठीवर गेली.

‘हे पातेलं कशाला आणलं? वर भांडी हायेत.’

धाकटा काही बोलला नाही. झाकण खण् करून वाजलं.

पाचनईची वाट कड्याच्या पोटातून जाते. एका हाताला अंगावर झुकलेला कातळ, दुसऱ्या हाताला खोल ओढा. बाई आमच्या बऱ्याच पुढे होत्या. मध्ये एका वळणावर थांबून त्यांनी फोनवर कुणाशी तरी गॅसच्या टाकीबद्दल बोलणं उरकलं, आम्ही जवळ आलो तसा फोन ठेवला आणि पुन्हा निघाल्या. नॉर्वेच्या भाच्याला धाप लागली होती. बर्फात आपण स्कीवर असतो, तिथे स्नायू वेगळे लागतात, असं त्याने न विचारता सांगितलं.

वर मंगळगंगेच्या काठी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आहे. देवळाच्या कोरीवकामावर विद्वानांनी लिहिलं आहे. आम्ही त्याच्या सावलीत आडवे झालो. चांगदेवांनी या गडावर तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच लिहिला. गडावर चढून आल्यावर माणूस ग्रंथ लिहू शकतो ही कल्पनाच मला त्या क्षणी चमत्काराहून मोठी वाटली. मला माझं नाव लिहायला सांगितलं असतं तरी मी उद्यावर टाकलं असतं.

देवळाजवळच केदारेश्वराचं लेणं. आत भलं मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फगार पाणी. लिंगाभोवती चार खांब होते, त्यातले तीन तुटले. लोक सांगतात, चार खांब म्हणजे चार युगं, आणि चौथा पडला की कलियुग संपणार. या पाण्यातून प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. इथे अंघोळीचा विषय निघाला. तो निघणं भाग होतं, कारण देवळासमोर मुंबईच्या मुलींचा जो घोळका फोटो काढत होता तो आमच्या आगमनाबरोबर दोनदा जागा बदलून वाऱ्याच्या दिशेला गेला होता. धाकट्याने सुचवलं, की एक प्रदक्षिणा घातली तर अंघोळ आणि पुण्य एका खर्चात होईल. काकांना हा व्यवहार पटला. ते शर्ट काढून पहिल्या पायरीवर गेले, एक पाऊल पाण्यात टाकलं आणि ‘हर हर महादेव’ अशी जी आरोळी ठोकली, ती भक्तीची नव्हती. चौथ्या खांबाकडे आम्ही सगळ्यांनीच धास्तीने पाहिलं. तो उभा होता. काका बाहेर आले आणि त्यांनी अंघोळ झाली असं जाहीर केलं.

संध्याकाळी कोकणकडा. एवढं लिहिल्यावर कोकणकड्याला दोन परिच्छेद द्यायला हवेत, पण मी आधीच सांगितलं आहे की ते काम इतरांनी केलं आहे. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे काठावर पालथं पडून खाली पाहिलं तर आपल्या पोटाखाली काही नाही, थेट कोकण. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने इथे ढगात गोल इंद्रधनुष्य पाहिलं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला काही दिसलं नाही, ढगच नव्हते. मात्र कोकणातून वर येणारा वारा होता. हा वारा कड्याला आपटून असा उसळतो की हलक्या वस्तू खाली जातच नाहीत. नेत्याने कपाळ पुसायला रुमाल काढला आणि तो हातातून सुटला. इतक्या दिवसांत तो रुमाल पातेलं धरायला, चष्मा पुसायला, गुडघा बांधायला आणि एकदा चहा गाळायलाही वापरला गेला होता. तो काठावरून खाली गेला, आम्ही हळहळलो, आणि पुढच्या क्षणी तो वर येऊन आमच्या मागच्या गवतात पडला. कोकणाने ठेवून घेतला नाही.

त्या रात्री बाईंच्या खोपटात जेवलो. पिठलं होतं, भाकरी होती, भात होता. भात त्यांच्या पातेल्यात शिजला. आमचं पातेलं दाराशी पालथं पडलं होतं आणि त्यावर काका बसले होते.

उतरताना कोणी बोललं नाही. भांडण असं नव्हतं. मुद्दे होते: चिक्की, चौदा भाकरी, अंघोळ झाली की नाही. पण मुद्दे मांडायला लागणारा दम गुडघ्यांना लागत होता. पाचनईत जीप मिळाली. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय हे जीपवाला ठरवतो. आम्ही आत बसलो तेव्हा ती आम्हाला भरलेली वाटली. त्यानंतर आणखी सात माणसं, एक कोंबडी आणि एक दरवाजा आला. म्हणजे जीपचा नव्हे. कुणाच्या तरी नव्या घराचा.

राजूरला उतरलो ते थेट पेढ्यांच्या दुकानात. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत. नगर शहरात ते घरी न्यायचे म्हणून घेतात. आम्हीही घरी न्यायचे म्हणूनच घेतले. दुकानाबाहेर येईपर्यंत खोका निम्मा झाला होता, म्हणून परत आत जाऊन दुसरा घेतला. दुकानात आरसा होता. त्यात पाच अनोळखी माणसं दिसली. त्यातल्या एकाच्या दाढीत पिठलं होतं.

एसटी स्टँडवर नेत्याने वेळापत्रक काढलं आणि चेहरा पाडला. गाडी गेली असणार, असं त्याचं म्हणणं. इथे भाच्याने नान्सेनची उरलेली गोष्ट सांगितली. ग्रीनलंड ओलांडून तो 1888 च्या ऑक्टोबरात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोडथाब नावाच्या गावात पोचला. तिथल्या डॅनिश अधिकाऱ्याने पुढे येऊन पहिलं काय केलं असेल, तर नान्सेनला डॉक्टरेट मिळाल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. निघण्याच्या जरा आधी त्याने प्रबंध सादर केला होता. बर्फात तो विसरूनही गेला होता. आणि मग समजलं, की वर्षातली शेवटची बोट कधीच निघून गेली आहे. सगळ्यांनी पुरा हिवाळा तिथेच काढला. ओस्लोला, तेव्हाच्या क्रिस्तियानियाला, ते पोचले 1889 च्या मे महिन्यात.

राजूरला हिवाळा काढायचा या विचाराने काका पेढ्यांचा हिशेब करू लागले. तेवढ्यात एसटी आली. अगदी वेळेवर आली. चुकलं होतं ते नेत्याचं घड्याळ. एसटीवर आम्हा नगरकरांचा जरा जास्तच जीव आहे, त्यालाही कारण आहे: 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी धावली ती नगर-पुणे मार्गावर. त्यामुळे ती लाल गाडी दिसली की घरचं कुणीतरी न्यायला आल्यागत वाटतं.

कंडक्टरने आमच्याकडे, मग सॅकांकडे, मग पातेल्याकडे पाहिलं.

‘कुठून?’

‘हरिश्चंद्रगड.’

‘दर्शनाला?’

‘नाही. असंच.’

‘असंच?’ त्याने एकवार सगळ्यांना न्याहाळलं, तिकिटं फाडली आणि शेजारची खिडकी उघडली. पुढच्या दोन रांगांतली माणसं आपणहून आणखी पुढे सरकली. बसायला भरपूर जागा झाली, तरी खिडकीवरून वाद निघालाच. नेता म्हणाला, नेत्याला. काका म्हणाले, ज्येष्ठ नागरिकाला. भाचा म्हणाला, पाहुण्याला. आठवडाभर ज्यांना सूर्योदय एकमेकांना द्यावासा वाटत होता त्यांना आता बाहेरचा उसाचा ट्रॅक्टर दुसऱ्याला दिसलेला चालत नव्हता.

तुमच्या टोळक्यात हा वाद निघाला तर निकाल आत्ताच लिहून ठेवा. खिडकी पातेलं वाहिलेल्याची.